शस्त्रक्रिया : कौशल्य आणि पूर्वतयारी

शस्त्रक्रियेचे यश शल्यविशारदाच्या हातगुणावर अवलंबून असते, असा आपल्या ग्रामीण भागात सर्वसाधारण समज आहे. हा समज अगदीच निराधार नाही. अमेरिकेतील मिशिगन राज्यात स्थूलतेवरील शस्त्रक्रिया करणाऱ्या २० शल्यविशारदांच्या कामाच्या चित्रफिती, नावे गुप्त ठेवून, समव्यवसायींकडून तपासून घेण्यात आल्या. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सर्वांत कमी गुण मिळालेल्या गटाच्या रुग्णांमध्ये गुंतागुंतीचे प्रमाण १४.५ टक्के, तर सर्वाधिक गुण मिळालेल्या गटात ५.२ टक्के आढळले. हातगुण ही दैवी देणगी नसून ती मोजता येते, आणि म्हणून शिकविताही येते, असा याचा अर्थ प्रस्तुत लेखक घेतो.

परंतु एकट्या शल्यविशारदाकडे पाहून भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेल्या १९ मुद्द्यांच्या तपासणीसूचीचा प्रयोग आठ शहरांतील रुग्णालयांत झाला. त्यांत नवी दिल्लीचाही समावेश होता. रुग्णाची ओळख, शस्त्रक्रियेची जागा, प्रतिजैविक औषध वेळेवर दिले काय, अशा साध्याच बाबी त्या सूचीत आहेत. २००९ मधील निष्कर्षानुसार मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. पुढे कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात १०१ रुग्णालयांनी ही सूची स्वीकारली, तेव्हा मात्र लक्षणीय फरक दिसला नाही, असे २०१४ मध्ये जाहीर झाले. नुसत्या रकाने भरण्याने काय साधते, हे शासकीय सेवेतील वाचकांना वेगळे सांगावयास नको!

याहून उद्बोधक अभ्यास ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील आहे. पोटाच्या वरच्या भागावरील मोठ्या शस्त्रक्रियेनंतर वेदनेमुळे रुग्ण उथळ श्वास घेतो. कफ साचतो व न्यूमोनिया होतो. ४४१ रुग्णांपैकी निम्म्यांना केवळ माहितीपुस्तिका देण्यात आली. उरलेल्यांना पुस्तिकेखेरीज भौतिकोपचारतज्ज्ञाने एकदाच, सुमारे अर्धा तास, समोर बसवून दीर्घ श्वसन व खोकण्याची रीत शिकविली आणि शुद्धीवर येताच ती सुरू करण्यास बजावले. पहिल्या गटात फुप्फुसाची गुंतागुंत २७ टक्के, तर दुसऱ्या गटात १२ टक्के रुग्णांना झाली. यासाठी कोणतेही यंत्र वा नवे औषध लागले नाही. छापील कागद हाती देणे आणि समजावून सांगणे यांतील अंतर शिक्षकांच्या ध्यानी सहज येईल.

नियोजित शस्त्रक्रियेची तारीख पुष्कळदा काही आठवडे आधी ठरते. हा काळ बहुधा पैशांच्या जुळवाजुळवीत जातो, आणि ते स्वाभाविकही आहे. तथापि, धूम्रपान किमान चार आठवडे आधी सोडल्यास गुंतागुंतीचा धोका घटतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. रक्तक्षय असल्यास त्यावरील उपचारही याच अवधीत होऊ शकतो. पंचायत सदस्यांनी व आरोग्यसेवकांनी अशा कुटुंबाची वेळीच भेट घेणे इष्ट ठरेल.

एक जुनी प्रथा मात्र टाळावी. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी घरी वस्तऱ्याने केस काढून येणे पुष्कळांना स्वच्छतेचे वाटते. वस्तऱ्याने त्वचेवर सूक्ष्म जखमा होतात व त्यांत जंतू वाढतात. केस काढणे आवश्यकच असेल तर ते कातरयंत्राने, रुग्णालयात काढले जातील. रुग्णाने घरून केवळ साबणाने स्नान करून यावे.