खवल्यातली केमिस्ट्री आणि बारावीनंतरची वाट

‘मुलीला केमिस्ट्री आवडते, पण पुढे काय? एमआयडीसीतली शिफ्ट ड्युटीच ना?’ बोईसर-पालघरच्या पालकांचा हा नेहमीचा प्रश्न. उत्तरादाखल आज मुद्दाम आडवाटेचा विषय घेऊ: माशाच्या खवल्यांतून कोलॅजेन हे प्रथिन काढून त्याचा पातळ पडदा बनवणं आणि रसायनांच्या मदतीने तो टिकाऊ करणं. असे पडदे जखमेवर झाकण म्हणून किंवा दातांच्या शस्त्रक्रियेत हिरडीखाली ठेवायला कामी येतात.

कोलॅजेनची किंमत आपल्या किनाऱ्याला नवी नाही. 2021 मध्ये पालघरजवळच्या मुरब्याच्या मच्छीमारांना घोळ माशांचं घबाड लागलं आणि सव्वा कोटीच्या वर रक्कम हाती आली, ती मुख्यतः बोतामुळे. बोत म्हणजे माशाची हवेची पिशवी; तिच्यात भरपूर कोलॅजेन असतं. खवल्यांतही ते असतं, पण खवले जातात कचऱ्यात.

नेमकं काम काय?

खवल्यातलं खनिज आधी सौम्य आम्लाने किंवा ईडीटीए या रसायनाने काढतात. मग थंडाव्यात, साधारण 4 अंशांवर, अ‍ॅसेटिक आम्लात कोलॅजेन विरघळवून घेतात आणि त्याचा पडदा ओततात. अडचण इथून पुढे. माशाचं कोलॅजेन गाई-डुकराच्या कोलॅजेनपेक्षा कमी उष्णतेत उसवतं आणि आपल्या शरीराचं तापमान तर 37 अंश. शिवाय शरीरातली एन्झाइम्स ते भराभर खातात. म्हणून त्याच्या साखळ्या एकमेकींना रासायनिक बंधांनी बांधतात. याला क्रॉसलिंकिंग म्हणतात. कातडं कमावताना मुळात हेच घडतं.

बांधणारी रसायनं वेगवेगळी. ग्लुटराल्डिहाइड स्वस्त आणि पक्कं, पण त्याचा अंश उरला तर पेशींना घातक. ईडीसी हे रसायन दोन साखळ्यांना थेट जोडतं, स्वतः मध्ये राहत नाही. अनंताच्या फळापासून मिळणारं जेनिपिन कमी विषारी, पण महाग आणि पडदा निळा करणारं. बंध कमी पडले तर पडदा विरघळतो, जास्त झाले तर ठिसूळ होतो. हा तोल साधणं हीच खरी नोकरी.

शिक्षणाच्या वाटा

दहावीनंतर केमिकल इंजिनीअरिंगचा डिप्लोमा किंवा आयटीआयमधला ‘लॅबोरेटरी असिस्टंट, केमिकल प्लांट’ हा ट्रेड. बारावीनंतर रसायनशास्त्र, बायोटेक किंवा मायक्रोबायोलॉजीत बी.एस्सी.; पालघरच्या सोनोपंत दांडेकर महाविद्यालयात विज्ञान शाखा आहे. सीईटीतून माटुंग्याची आयसीटी ही रसायन तंत्रज्ञान संस्था किंवा बायोमेडिकल इंजिनीअरिंग. माशांकडून सुरुवात करायची असेल तर रत्नागिरीच्या शिरगावचं मत्स्य महाविद्यालय. पुढे पदव्युत्तर शिक्षणासाठी वर्सोव्याची सीआयएफई ही मत्स्यशिक्षण संस्था. संशोधनात जायचं तर कोचीची सीआयएफटी आणि चेन्नईची सीएलआरआय ही नावं लक्षात ठेवा. पहिली मासळीवर काम करते, दुसरी चामड्यावर.

खरं सांगायचं तर

फक्त खवल्यांच्या कोलॅजेनवर नोकऱ्या थोड्याच आहेत. त्यामुळे एवढ्याच विषयावर करिअर बेतू नका. पण हे काम शिकताना जे हाताला लागतं, म्हणजे पीएच सांभाळणं, ताण-चाचणी घेणं, रेणूतले बंध ओळखणाऱ्या एफटीआयआर यंत्राचा आलेख वाचणं, प्रत्येक बॅचची नोंद ठेवणं, ते तारापूरच्या औषध कारखान्यातल्या क्यूसी म्हणजे गुणवत्ता तपासणी विभागालाही हवं असतं आणि वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कंपनीलाही. पहिली नोकरी बहुधा क्यूसीतच लागेल. ती कमीपणाची मानू नका.

पालकांना सुरक्षेची काळजी वाटणं रास्तच आहे. ग्लुटराल्डिहाइडची वाफ डोळ्यांना आणि श्वासाला झोंबते. ते फ्यूम हूडमध्ये, हातमोजे आणि चष्मा घालूनच हाताळायचं असतं. ही शिस्त कॉलेजातच लागली पाहिजे.

आवड तपासायची कशी?

रोहूचे मोठे खवले धुऊन दोन-तीन दिवस व्हिनेगरमध्ये ठेवायला सांगा. खनिज विरघळून ते मऊ पडतात. मग ते पाण्यात शिजवून पाहा: कोलॅजेन उसवून जिलेटिन होतं आणि पाणी बोटांना किंचित चिकट लागतं. मूल ‘का?’ विचारून वही काढत असेल, तर रस खरा आहे.

प्रवेश घेताना कॉलेजला तीन प्रश्न विचारा: आठवड्याला प्रत्यक्ष प्रयोगाचे तास किती? उपकरणांना विद्यार्थ्यांचा हात लागतो का? शेवटच्या वर्षी प्रकल्प किंवा इंटर्नशिप कुठे मिळते? अभ्यासक्रमाच्या भारी नावापेक्षा ही उत्तरं जास्त उपयोगी पडतील.