गोष्ट काय होती?

माझी आजी रोह्याला असते. काचबिंदूने तिची दृष्टी गेली, त्याला आता सहा वर्षं झाली. त्यामुळे मी पाहिलेला प्रत्येक सिनेमा घरी आल्यावर तिला सांगायचा, हा आमचा शिरस्ता.

मध्यंतरी आम्ही चौघं पनवेलला एक बिग बजेट सिनेमा पाहून आलो. खिशाला चांगलीच चाट बसली. घरी पोचतोय तोच आजीचा प्रश्न, "गोष्ट काय होती रे?"

मी सुरू केलं. "एक हिरो असतो. मग तो लंडनला जातो. मग फाईट होते. मग गाणं..."

"पण तो तिकडे गेला कशाला?"

मला सांगताच येईना! शेवटी वैतागून बोलून गेलो, "आजी, तो सिनेमा सांगून नाही कळायचा, बघायलाच पाहिजे." बोललो आणि जीभ चावली. आजी एवढंच म्हणाली, "बरं, राहू दे." आणि माळ ओढू लागली.

त्या रात्री झोप लागली नाही. अडीच तास डोळे फाडून बघितलेलं मला पाच मिनिटं सांगता येऊ नये? मग वही काढली आणि आपल्या सवयीप्रमाणे फॉल्ट शोधायला बसलो. कॅमेरा उत्तम, साऊंड उत्तम, व्हीएफएक्स तर विचारूच नका. मग बिघडलं कुठे? पात्राला नेमकं काय हवंय, ते मिळण्याच्या आड काय येतंय आणि त्यासाठी त्याला कोणती किंमत मोजावी लागते, या तीन प्रश्नांना त्या सिनेमात उत्तरंच नव्हती. एक प्रसंग काढला तरी पुढच्याचं काही बिघडत नव्हतं. म्हणजे तो प्रसंग भार घेतच नव्हता, नुसता उभा होता.

आता 'श्वास' घ्या. संदीप सावंत यांचा हा सिनेमा 2004 साली आला. 2003 सालचं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक त्याला मिळालं आणि ऑस्करसाठी भारतातर्फे तोच पाठवला गेला. गोष्ट केवढी? कोकणातले आजोबा नातवाला शहरातल्या डॉक्टरांकडे आणतात. डोळ्यांचा कॅन्सर निघतो. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार, आणि हे त्या पोराला सांगायचं कसं? ऑपरेशनच्या आधी आजोबा त्याला गुपचूप बाहेर घेऊन जातात, डोळे आहेत तोवर जग दाखवायला. प्रत्येक प्रसंग आधीच्यातून निघतो. ही गोष्ट मी आजीला सांगितली होती तेव्हा ती मध्ये एकदाही बोलली नाही. शेवटी पदराने डोळे पुसले.

दुसरं उदाहरण 'सैराट' (2016) आणि त्याचा हिंदी रिमेक 'धडक' (2018). सांगाडा तोच, पळून जाणारी जोडी तीच. पण नागराज मंजुळे यांच्या सिनेमात अर्ची आणि परश्यामध्ये जातीची भिंत पहिल्यापासून उभी आहे, त्यामुळे शेवट अंगावर येतो. 'धडक'मध्ये गोष्ट उदयपूरला गेली आणि जातीचा उल्लेख जेमतेम उरला. शेवट तिथेही रक्ताचाच, पण माझ्या मते तो वरून चिकटवल्यासारखा वाटतो. आपल्या भाषेत सांगायचं तर मुख्य बीम बारीक केला आणि एलिव्हेशन तेवढं सजवलं.

माझ्या एका मित्राच्या घरी पेणला गणपतीचा कारखाना आहे. त्याच्या बाबांना हे सगळं सांगितलं, तर ते हसले. म्हणाले, "अरे, आधी माती नीट मळायची, साच्यातून काढली की जोड लिंपायचे, मूर्ती पुरती वाळू द्यायची. रंग त्यानंतर, आणि डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी. आत ओल राहिली तर वरचा रंग किती दिवस टिकणार?" सिनेमाचंही तेच. कथेवर महिनोन् महिने खपायचा कंटाळा येतो, कारण ते काम पोस्टरवर दिसत नाही!

हे लिहायचं कारण म्हणजे यंदाच्या गॅदरिंगची शॉर्ट फिल्म मी लिहितोय. मित्रांनी ड्रोन भाड्याने आणायचा बेत केला होता, कुंडलिकेवरचा सूर्योदय टिपायला! मी म्हटलं, थांबा. आधी रोह्याला जाऊन येतो.

पहिल्यांदा गोष्ट सांगितली, तेव्हा दुसऱ्याच प्रसंगाला आजीने विचारलं, "पण का?" परत आलो, खोडलं, पुन्हा लिहिलं. दुसऱ्यांदा तिला मध्येच जांभई आली. पुन्हा खोडलं. गेल्या रविवारी तिसऱ्यांदा सांगायला बसलो. अर्ध्यावर पाणी प्यायला थांबलो, तर आजीने माझा हात धरला आणि म्हणाली, "पाणी मग पी. पुढे काय झालं?"

ड्रोनचं आता बघू!