जीपगाडीच्या पाट्यांची अदलाबदल : दुरुस्ती कोठे संपते?

खडबडीत वाटा, ओढेनाले आणि डोंगरउतार यांतून मार्ग काढणाऱ्या वाहनांत जीपगाडीचे स्थान मानाचे आहे. दुसऱ्या महायुद्धात नावारूपास आलेल्या विलीज जीपची जुळणी स्वातंत्र्योत्तर काळात महिंद्र अँड महिंद्र या उद्योगाने भारतात सुरू केली. पुढे १९८५ मध्ये मारुतीची जिप्सी आली. तिची नागरी विक्री आता बंद झाली असली, तरी बागायतींच्या कच्च्या वाटांवर या दोन्ही गाड्या अद्याप दृष्टीस पडतात. जुन्या गाडीचे पाटे बसले की दुसऱ्या गाडीचे पाटे आणून ते घरच्या अंगणातच बसविण्याचा मोह अनेकांना होतो. या कामात कोणती दक्षता घ्यावी लागते, हे वाहनधारकांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

समजा, सत्तरीतील एका काजूबागायतदाराच्या जिप्सीचे मागील पाटे बसले आहेत. भंगारात त्याला जीपचे जाडजूड पाटे स्वस्तात मिळतात. ‘जाड पाटा म्हणजे मजबूत गाडी’ असा त्याचा समज असतो. परंतु हा समज अपुरा आहे. पाट्याचा ताठरपणा त्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो व लांबीच्या घनाच्या प्रमाणात घटतो. ६ मिलिमीटरऐवजी ७ मिलिमीटर जाडीचा पाटा घेतला, तर बाकी मापे तीच असताना ताठरपणा सुमारे ५९ टक्क्यांनी वाढतो. उलट, लांबी १० टक्क्यांनी वाढविल्यास तो सुमारे २५ टक्क्यांनी कमी होतो. हलक्या गाडीला ताठर पाटा बसविला, तर खड्ड्यातून जाताना चाक जमीन सोडते. आणि जमीन सोडलेल्या चाकाला ना ब्रेक लागतो, ना वळण मिळते.

म्हणून पाटे उतरविण्यापूर्वी मोजपट्टी हाती घ्यावी. मुख्य पाट्याच्या दोन्ही डोळ्यांमधील अंतर, पाट्यांची रुंदी, जाडी व संख्या, बुशचा व्यास आणि पुढच्या डोळ्यापासून मधल्या बोल्टपर्यंतचे अंतर ही मापे टिपून ठेवावीत. यांतील शेवटचे माप सर्वांत अधिक दुर्लक्षिले जाते. मधला बोल्ट अॅक्सलची जागा ठरवितो. तो एका बाजूस थोडा जरी पुढे-मागे असला, तरी अॅक्सल तिरका बसतो आणि गाडी एका अंगाला ओढू लागते.

गाडीची उंची वाढली की प्रश्न केवळ पाट्यांपुरता राहत नाही. स्टिअरिंगच्या दांड्याचा कोन वाढल्याने प्रत्येक खड्ड्यात चाक आपोआप वळू पाहते. प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यांवर अधिक ताण येतो. चाक खाली लोंबताच ब्रेकची रबरी नळी ताणली जाते व आखूड पडलेला शॉक अॅब्झॉर्बर तुटू शकतो. गुरुत्वमध्य वर गेल्यामुळे आडव्या उतारावर गाडी उलटण्याचा धोका वाढतो. चार इंच उंची मिळविणाऱ्याने या प्रत्येक गोष्टीचा हिशेब द्यावा लागतो.

प्रत्यक्ष कामातही शिस्त हवी. जमीन सपाट व टणक असावी. न उचललेल्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कदापि शिरू नये. शॅसीला भक्कम लोखंडी घोडीचा आधार द्यावा. उतरविलेले यू-बोल्ट ताणले गेलेले असतात, म्हणून ते पुन्हा न वापरता नवे घ्यावेत. डोळ्यांचे व शॅकलचे बोल्ट गाडीचा भार चाकांवर आल्यानंतरच अखेरचे आवळावेत; अन्यथा रबरी बुश पिळले जाऊन लवकर फाटतात. थोडे अंतर चालविल्यावर यू-बोल्ट पुन्हा तपासावेत.

आता कायद्याकडे वळू या. मोटारवाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ निश्चित केलेल्या तपशिलापेक्षा निराळा होईल असा बदल मालकास करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या तरतुदीचे काटेकोर पालन व्हावे असा निर्णय दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अननुज्ञेय सुटे भाग बसवून वाहनात बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद केली.

दुरुस्ती व बदल यांमधील सीमारेषा येथेच स्पष्ट होते. बसलेल्या पाट्याच्या जागी त्याच मापाचा पाटा घालणे ही दुरुस्ती होय. निराळ्या मापाचा पाटा घालून गाडीची चाल व उंची पालटणे हा बदल होय. वरील बागायतदाराने जीपचे पाटे भंगारातच ठेवून आपल्या जिप्सीच्या मापाचे पाटे मिळविले, अथवा कुशल पाटे-कारागिराकडून तुटका पाटा त्याच मापाने बदलून घेतला, तर गाडी पूर्ववत होईल आणि कायद्याचीही अडचण उरणार नाही. पावसाळ्यात निसरड्या घाटातून उतरताना मागील आसनावर कुटुंबीय वा मजूर बसलेले असतात. त्यांचा भार याच पाट्यांवर असतो, हे वाहनधारकांनी पाना हाती घेण्यापूर्वी ध्यानात ठेवावे.