सिमेंटला ‘ताप’ येतो तेव्हा...

गेल्या मे महिन्यात गावी आमच्या घराचा स्लॅब पडला. टँकरचं पाणी महाग. बाबा फोनवर म्हणाले, "दोन दिवसांत दगडासारखा झालाय, आता पाणी कशाला मारायचं?" मी सॉफ्टवेअरवाला असलो तरी कॉलेजात शिकलेलं थोडं आठवलं.

सिमेंट ‘वाळतं’ असं आपण म्हणतो, पण ते खरं नाही. पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन ते घट्ट होतं आणि या क्रियेत उष्णता बाहेर पडते. एक किलो सिमेंट पहिल्या आठवड्यात साधारण ३०० किलोज्यूल उष्णता देतं. म्हणजे चहाचं लिटरभर पाणी उकळेल एवढी!

घट्ट होताना सिमेंटचे गुणही बदलतात:

१) मोकळं पाणी भरपूर उष्णता साठवतं. ते सिमेंटमध्ये बांधलं गेलं की मिश्रणाची ही क्षमता कमी होते.

२) पुढे सुकल्यावर छिद्रांत पाण्याऐवजी हवा येते. मग उष्णता कमी वाहते.

३) ओलं मिश्रण तापल्यावर जास्त फुगतं. घट्ट काँक्रीट मात्र १० मीटरला, २० अंशांच्या फरकाने, सुमारे २ मिलिमीटर एवढंच. पोलादाचंही जवळपास तेवढंच, म्हणून तर आरसीसी टिकतं!

खरा धोका जाड कामात. जाडी दुप्पट झाली की आतली उष्णता बाहेर यायला चौपट वेळ लागतो. आतून गरम, वरून गार, या ओढाताणीत कोवळं काँक्रीट तडकतं.

आपल्या बुर्ज खलिफाचा पाया ३.७ मीटर जाड आहे. त्यात सुमारे १२,५०० घनमीटर काँक्रीट आहे. ताप कमी राहावा म्हणून अशा कामात थोड्या सिमेंटऐवजी फ्लाय ॲश घालतात. वरच्या मजल्यांसाठी उन्हाळ्यात काँक्रीट रात्री ओतलं जाई, तेही पाण्यात बर्फ मिसळून. ४ जानेवारी २०१० ला उद्घाटन झालेल्या त्या ८२८ मीटर उंचीमागे कामगारांच्या अशा कित्येक जागत्या रात्री आहेत.

घराचा स्लॅब पातळ, त्याचा ताप लवकर उतरतो. पण उन्हाने पाणी उडालं तर क्रियाच अर्धवट राहते. मी म्हटलं, "बाबा, वरून घट्ट झालाय, पण आत काम चालू आहे. गोणपाट अंथरा आणि निदान सात दिवस ओलं ठेवा."

बाबांनी कुरकुरत का होईना, टँकर मागवला. तुमचंही गावी बांधकाम चालू असेल, तर आजच एक फोन करा!