ज्ञानू, यंदाची सोंगणी दुसऱ्यांना करू दे

अकोला,
भाद्रपद शुद्ध पंचमी

चि. ज्ञानेश्वर,

काल सूनबाईचा, रेखाचा फोन आला होता. तू दिवसभर बाजेवर पडून असतोस, डावा हात अंगाशी बांधून ठेवतोस, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवायला लावलास आणि मोटर चालू असली की विहिरीकडे फिरकत नाहीस, असं ती सांगत होती. वहिनीने म्हणे टीव्हीसुद्धा बंद करून ठेवलाय. आणि दादा विचारतो, दसऱ्याच्या आत सोयाबीन सोंगायला ज्ञानू उभा राहील ना? एकाच घरात एवढी भीती आणि एवढी घाई. दोन्ही चुकीच्या जागी आहेत. माझी नोकरी हृदयाच्या वॉर्डात गेली, तुझ्यासारखी पेसमेकर बसवून घरी गेलेली कितीतरी माणसं मी पुढे वर्षानुवर्षं तपासणीला येताना पाहिली. फोनवर सगळं सांगता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. तुझ्या डॉक्टरांनी एखादी गोष्ट वेगळी सांगितली असेल तर ऐकायचं त्यांचं, कारण तुझं यंत्र त्यांनी बसवलंय.

आधी तुझ्यात बिघडलं काय होतं ते समजून घे. हृदय आपला ठोका स्वतःच तयार करतं. उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. तिथून विजेचा क्षीण इशारा निघतो, मधल्या गाठीतून खालच्या कप्प्यांत उतरतो आणि ठोका पडतो. तुझा इशारा वेळेवर निघत होता, पण खाली पोहोचत नव्हता. खालचे कप्पे आपल्या बळावर मिनिटाला पस्तीसेक ठोके कसेबसे देत होते. म्हणून तुला अंधारी यायची, म्हणून तू धुऱ्यावर कोसळलास. गावात कुणी ऊन लागलं म्हणालं, कुणी बाहेरची बाधा म्हणालं. तसलं काही नव्हतं. हे तुझ्या कुठल्या चुकीचं फळही नाही. पुष्कळ जणांत नेमकं कारण सापडतच नाही.

आता हसळीच्या हाडाखाली जी डबी बसवली आहे, तिचं वजन वीस-तीस ग्रॅमच्या आसपास. तिच्या तारा शिरेतून हृदयात गेल्या आहेत. ती डबी तुझं हृदय चालवत नाही. रात्री वावरात जागलीला बसलेला माणूस पीक वाढवत नसतो, डुक्कर आलं तरच हाकारा देतो, तेवढंच तिचं काम. ठरल्या वेळेत ठोका पडला तर ती गप्प राहते, नाही पडला तर इशारा देते. तो इशारा दोन-तीन व्होल्टचा, तोही सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी वेळ. तुला तो जाणवत नाही आणि तुला हात लावणाऱ्याला त्यातून काही होत नाही. वहिनीला हे समजावून सांग. लहानगीला कुशीत घ्यायला घाबरतोस असं रेखा म्हणाली. जखम भरली की छातीवर झोपू दे तिला. तुमच्या दोघांच्या संसारालाही त्यानंतर कसलीच आडकाठी नाही, हे आत्या म्हणून नव्हे, नर्स म्हणून सांगते.

ज्या माणसाच्या शरीरात जगातला पहिला पेसमेकर बसला, त्याची हकीकत तुला ठाऊक असावी. स्वीडनचा आर्ने लार्सन. तुझ्यासारखाच त्याचा इशारा खाली पोहोचत नसे, आणि दिवसातून वीस-तीस वेळा त्याची शुद्ध हरपायची. त्याची बायको एल्स-मारी डॉक्टर सेनिंग आणि अभियंता एल्मक्विस्ट यांच्या मागे लागली. माणसात बसवण्याजोगं यंत्र तयार नाही, असं त्यांनी सांगितलं तरी ती हटली नाही. एल्मक्विस्टने बूटपॉलिशच्या डबीचा साचा करून यंत्र ओतलं आणि 8 ऑक्टोबर 1958 रोजी ते स्टॉकहोमजवळच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात बसवलं गेलं. पहिलं यंत्र काही तासच चाललं. पुढे आयुष्यभरात त्याला 26 यंत्रं लागली, आणि तो 2001 साली, 86व्या वर्षी वारला, तोही हृदयाने नव्हे, कर्करोगाने. शस्त्रक्रिया झाली तेव्हा तो 43 वर्षांचा होता. म्हणजे त्यानंतर तो आणखी 43 वर्षं जगला, आणि तुझ्या छातीत आहे त्याच्या मानाने फार कच्च्या यंत्रांवर बरीच वर्षं काढली. तू एकेचाळिसाव्या वर्षी बाज धरून बसावंस असं यात काहीही नाही.

पण दादाच्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असंच आहे. तारांची टोकं हृदयाच्या आतल्या भिंतीत घट्ट रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर हाताला जोराचा हिसका बसला तर तार जागेवरून सरकू शकते, आणि मग पुन्हा ऑपरेशन. तुझे सहा आठवडे हिशेबाने दसऱ्याला भरतात आणि सोयाबीन नेमकं त्याच्या आत सोंगणीला येतं. वाकून विळा चालवणं, पेंढ्या उचलणं, गंजी लावायला हात वर नेणं, थ्रेशरमध्ये माल लोटणं, पोती पाठीवर घेणं, यातलं एकही काम या हंगामात तुझं नाही. मजूर सांगा, हार्वेस्टर मिळालं तर ते लावा. दोन पैसे जास्त जातील. ते दुसऱ्या ऑपरेशनपेक्षा स्वस्त आहेत, असं दादाला माझं नाव घेऊन सांग. इंजिनाला दोरी मारायची नाही, कुऱ्हाड धरायची नाही, विहिरीतून बादली ओढायची नाही. मोटरसायकल आणि ट्रॅक्टर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

याचा अर्थ हात बांधून ठेव असा मात्र नाही. ती झोळी आजच काढ. कोपर खांद्याच्या वर न्यायचं नाही, पाच किलोच्या वर उचलायचं नाही, एवढंच पाळ. जेवण, दाढी, शर्टाची बटणं, हे सगळं त्याच हाताने करत राहा. हात अजिबात न हलवणाऱ्यांचा खांदा आखडतो आणि तो मोकळा करायला पुढे महिने जातात. सकाळ-संध्याकाळ चालायला जा, आधी गावातल्या गावात, मग वावरापर्यंत. धुऱ्यावर उभं राहून सोंगणीवर लक्ष ठेवायला तर तू हवासच.

जखमेला हळद, तेल, राख काहीही लावू देऊ नको. डॉक्टर सांगतील तोवर पाणीही नको. लाली, ऊब, पाणी येणं, ताप यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी जिथे यंत्र बसवलं तिथे जा. एक गोष्ट नीट लक्षात ठेव. तिथे सूज आली आणि गावातला कुणी सुई घालून पाणी काढून देतो म्हणाला, तर साफ नकार दे. त्या सुईतून जंतू आत गेले तर डबी आणि तारा, सगळंच काढावं लागतं. आणि बोटांनी डबी चाचपत बसू नको, हलवू नको. त्या सवयीने तारा पिळल्या गेल्याचं मी पाहिलंय.

आता विजेचं. गावात तुला लोक शंभर गोष्टी सांगतील, याला हात लावू नको, त्याच्या जवळ जाऊ नको. त्या यादीने माणूस घरात कोंडला जातो. खरं सूत्र अंतराचं आहे. टीव्ही, पंखा, मिक्सर, फ्रीज, यांचा काही त्रास नाही. टीव्ही आजच लावायला सांग. मोबाइल जरूर वापर, पण तो डाव्या खिशात ठेवायची तुमची सगळ्यांची सवय सोड. यंत्रापासून 15 सेंटिमीटर तरी दूर असावा. पँटच्या खिशात ठेव, उजव्या कानाला लाव. गळ्यात अडकवायचे जे इअरफोन मिळतात, त्यांच्या टोकांना चुंबक असतं आणि ती टोकं बरोबर डबीवर लोंबतात. ते वापरू नको. शिबिरं भरवून चुंबकाच्या गाद्या आणि पट्टे विकणारे येतात, त्यांच्या नादी लागू नको. गणपतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीला टेकून उभा राहू नको, लांबून बघ. इंडक्शनची शेगडी पेटलेली असेल तर दोन फूट मागे. कुठे मेटल डिटेक्टरची चौकट असली तर सरळ चालत पार हो, आत रेंगाळू नको. हातातलं यंत्र छातीवर फिरवायला लागले तर पेसमेकरचं कार्ड दाखव. आणि यातलं काही चुकून झालंच तरी घाबरायचं कारण नाही. बाजूला झालास की पेसमेकर आपल्या मूळ कामावर येतो.

मोटर चालू असताना विहिरीवर जायला हरकत नाही. हाताच्या अंतरावरून तिचा काही त्रास नाही. स्टार्टर दाबण्यातही नाही, पण तो ओल्या हाताने, उघड्या तारांवर, रात्रीची लाइन आली म्हणून अंधारात चाचपडत दाबायचा नाही. अर्थिंग नीट करून घ्या. गळती झालेल्या मोटरचा धक्का सगळ्यांनाच मारतो, तुझ्या बाबतीत तो यंत्रालाही गोंधळात टाकतो. डीपीवर चढून फ्यूज टाकायचं काम आता कायमचं बंद. वेल्डिंगच्या दुकानात गप्पा मारायला बसतोस ना, ते लांब बसून. स्वतः वेल्डिंग करायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचार.

आपल्याकडे सगळ्यात जपायचं ते झटका मशीनपासून. रोही आणि डुकरांसाठी आता वावरोवावरी तारा लागल्या आहेत. ते मशीन साधारण सेकंदा-दीड सेकंदाला एक झटका सोडतं. हा वेग हृदयाच्या ठोक्याच्या जवळचा आहे. तारेला तुझा हात लागून राहिला तर पेसमेकर त्या झटक्यालाच ठोका समजेल आणि स्वतः गप्प बसेल. तुझा इशारा खाली पोहोचत नाही, बहुतेक ठोके यंत्राच्या इशाऱ्यावरच पडतात, म्हणून हे गंभीर आहे. कुंपणाचं काम मशीन बंद करून, आणि शक्यतो दुसऱ्याच्या हाताने. शेजारच्या वावराची तारही चालू आहे असंच धरून चाल. कुणी थेट लाइन सोडली असेल तर ते पेसमेकर नसलेल्यालाही जिवावरचं आहे आणि गुन्हाही आहे. गावात तू तरी त्याविरुद्ध बोल.

फवारणीच्या पंपाचा पट्टा नेमका डबीवर येतो. भरलेला पंप सोळा-वीस किलोंचा. तुरीची फवारणी यंदा दुसरा करील. पुढच्या वर्षी जखम पक्की झाल्यावरही पट्ट्याखाली जाड घडी घालायची, किंवा तेवढं काम सोडूनच द्यायचं. माझं मत सोडून देण्याचं आहे. ट्रॅक्टरवर बसल्यावर कधी नाडी थोडी वाढलेली वाटेल. तुझ्या यंत्रात शरीराची हालचाल ओळखून ठोके वाढवणारी सोय असेल तर हादऱ्यांनाही ते चालणं समजतं. त्यात धोका नाही.

रोज सकाळी उठल्यावर मनगटावर पूर्ण एक मिनिट नाडी मोज आणि वहीत लिही. यंत्र कितीवर लावलंय ते डॉक्टरांकडून विचारून घे. नाडी त्या आकड्याखाली राहायला लागली, अंधारी आली, पाय सुजले, की वाट पाहायची नाही. उचकी थांबेना किंवा पोटाजवळचा स्नायू ठोक्यागणिक उडू लागला तरीही कळव. तार हलल्याची ती खूण असू शकते.

एका बाबतीत मात्र मी तुझ्यावर रागावणार आहे. रेखा म्हणाली, दवाखान्यातून आल्यावर तू पुन्हा खर्रा सुरू केलास, "आता मशीन आहे" म्हणून. ज्ञानू, पेसमेकर ठोक्याचा वेग सांभाळतो. रक्तवाहिनी तुंबली तर तिथे त्याचा काहीही उपयोग नाही. हार्ट अटॅक पेसमेकर असलेल्यालाही येतो. कोणत्याही मोबाइलपेक्षा, कोणत्याही मोटरपेक्षा तुझ्या खिशातली ती पुडी घातक आहे. मला वचन नको, पुडी बंद झालेली हवी.

पेसमेकरचं कार्ड कायम पाकिटात ठेव आणि त्याचा फोटो रेखाच्या मोबाइलमध्ये. दात काढायचा असो, कंबरेला मशीनचा शेक घ्यायचा असो, एमआरआय असो, आधी कार्ड दाखवायचं. मशीनच्या शेकाला तर नाहीच म्हण. महात्मा फुले योजनेतून तुझं काम झालं, त्याचे सगळे कागद एका पिशवीत घालून कपाटात ठेव. बॅटरी साधारण आठ ते बारा वर्षं चालते. ती एकाएकी बंद पडत नाही, काही महिने आधी तपासणीत कळतं. पण तपासणीला आलास तरच. बरं वाटतंय म्हणून दोन-दोन वर्षं न फिरकणारे मी फार पाहिले, आणि खेड्यातून येणाऱ्यांत जास्त. मालेगाव, पातूरचा घाट, अर्धा दिवस जातो, रोज बुडतो, हे मला कळतं. तरी चुकवायची नाही.

पहिल्या तपासणीला रेखालाही घेऊन ये, म्हणजे नाडी कशी मोजायची ते मी तिला दाखवीन. रात्री माझ्याकडेच राहा. आणि सोंगणीच्या मजुरीला पैसे कमी पडले तर दादाला बोलू नको, तो विकायला काहीतरी काढील. आधी मला फोन कर.

तुझी
आत्या