देवघेवीची एक नवी रचना

एकाच पेढीच्या दारी हजार गिऱ्हाइके लोटली म्हणजे काय होते, हे वाचकबंधूंस सांगावयास नको. इंटरनेटवर मोठी फाइल वाटणाऱ्याचीही तीच गत होत असे. मागणी वाढली की वेग घटे. २००१ साली ब्रॅम कोहेन या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने 'बिटटोरेंट' ही पद्धती रचून हा हिशेब उलटा केला. फाइलीचे लहान तुकडे पाडावयाचे, आणि ज्यास जो तुकडा मिळेल त्याने तो लगेच इतरांस देऊ लागावयाचे. गिऱ्हाईकच दुकानदार होतो! प्रत्येक तुकड्याची अंकखूण आधीच नोंदलेली असते, त्यामुळे भेसळ चालत नाही. (माल मुळात कोणाच्या मालकीचा, हे मात्र ही पद्धती विचारीत नाही.)

पण घेऊन न देणाऱ्याचे काय? 'न्यूटेला' या आधीच्या जाळ्यात सुमारे ७० टक्के लोक काहीच देत नसत, असे २००० सालच्या एका अभ्यासात आढळले होते. कोहेन यांनी उपदेश केला नाही. जे आपणांस अधिक वेगाने देतात, त्यांसच आपण द्यावे, असा नियम घातला. दर १० सेकंदांनी तो हिशेब नव्याने होतो.

मग ज्याच्यापाशी एकही तुकडा नाही, त्या नवख्याने काय करावे? रचनेचे मर्म आम्हांस येथेच दिसते. एक जागा मागील देवघेव न पाहता कोणाही एकास दिली जाते, व दर ३० सेकंदांनी ती पालटते. नवख्यास त्यातून पहिले भांडवल मिळते. देणाऱ्यासही आजच्याहून चांगला व्यवहारी गवसण्याचा संभव असतो. फाइल पूर्ण हाती आल्यावर मात्र देत राहण्याची सक्ती कोणावरच नाही.