ऊस पिकू द्या, मोतीबिंदू पिकवू नका



या पानावर एरवी बेणे, खतांचे हप्ते, खोडकीड, खोडवा असे विषय असतात. यावेळी डोळ्यांविषयी लिहीत आहे, त्याला कारण आहे. ऊस नोंदीसाठी आणि तोडणीआधी प्लॉट पाहण्यासाठी गावोगाव फिरताना साठीच्या पुढचे बरेच सभासद भेटतात. काट्याची पावती पुढे करून म्हणतात, "साहेब, टन किती पडले तेवढं वाचून सांगा." त्यांना वाचता येते, पण दिसत नाही. डोळे दाखवले का असे विचारले की उत्तर ठरलेले असते, "मोतीबिंदू हाय, पण अजून पिकला नाही. पिकला की काढू."

ऊस पिकेपर्यंत थांबावेच लागते. कोवळा ऊस तोडला तर उतारा कमी पडतो आणि नुकसान सगळ्यांचेच होते. म्हणून तर आम्ही रिफ्रॅक्टोमीटर घेऊन ब्रिक्स पाहायला येतो. मोतीबिंदूचे गणित वेगळे आहे. तो पिकवून पदरात काहीच पडत नाही, झाले तर नुकसानच होते. ही एक गोष्ट घरोघर समजावी यासाठी हा लेख.

मोतीबिंदू म्हणजे नेमके काय?

आपल्या डोळ्यातील बाहुलीच्या मागे एक पारदर्शक भिंग असते. बाहेरचा उजेड त्यातून आत जातो आणि डोळ्याच्या मागच्या पडद्यावर चित्र उमटते. हे भिंग मुख्यतः पाणी आणि प्रथिने यांचे बनलेले असते. वय वाढते तशी त्या प्रथिनांची घडण बिघडते आणि भिंग गढूळ होत जाते. कच्च्या अंड्याचा पांढरा भाग आरपार दिसतो आणि उकडल्यावर पांढरा होतो, तसाच हा प्रकार, फक्त वर्षानुवर्षे हळूहळू चालणारा.

तेव्हा मोतीबिंदू ही डोळ्यावर बाहेरून आलेली साय नव्हे. तो भिंगाच्या आतच असतो. त्यामुळे कोणत्याही थेंबाने, मधाने, काजळाने किंवा झाडपाल्याच्या रसाने तो विरघळत नाही. असली औषधे घालून डोळा मात्र चिघळतो.

उसाचे पान लागून डोळ्यात 'फूल' पडते, ते वेगळे. उसाच्या पानाच्या कडा करवतीसारख्या असतात. तोडणीत किंवा पाचट काढताना पान लागले की डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेला जखम होते आणि ती चिघळली की पांढरा डाग राहतो. अशा वेळी घरात पडलेली जुनी बाटली उघडून थेंब घालू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

कोणाला लवकर होतो?

वय हे मुख्य कारण आहे. परंतु मधुमेह, तंबाखूचे धूम्रपान, वर्षानुवर्षे डोक्यावर घेतलेले ऊन आणि डोळ्याला लागलेला मार यांनी तो लवकर येतो. कोयत्याला धार लावताना किंवा लोखंड ठोकताना कपची उडून तरुण माणसालाही मोतीबिंदू झालेला आढळतो. दमा किंवा सांधेदुखीसाठी स्टिरॉइडच्या गोळ्या फार दिवस घेतल्या, अथवा खाज थांबते म्हणून स्टिरॉइडचे थेंब दुकानातून आणून घालत राहिले, तरी मोतीबिंदू होतो. शिवाय डोळ्याचा दाब वाढतो तो निराळाच.

कसे ओळखावे?

मोतीबिंदू दुखत नाही, लाल होत नाही, म्हणून दुर्लक्ष होते. पुढील खुणा लक्षात ठेवा.

१. धुक्यातून पाहिल्यासारखे दिसते, चष्मा पुसला तरी स्वच्छ होत नाही.
२. रात्री समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरचा दिवा डोळ्यात फाकतो, त्याभोवती वलय दिसते. हंगामात रस्त्यावर रात्रभर ऊस वाहतूक चालते, तिथे ही गोष्ट जिवावर बेतू शकते.
३. रंग मळकट, पिवळसर दिसतात.
४. चष्म्याचा नंबर सारखा बदलतो.
५. एका डोळ्याने पाहिले तरी एकाच्या दोन वस्तू दिसतात.

आणखी एक फसवी खूण आहे. पन्नाशीपासून चष्म्याशिवाय वाचता न येणारा माणूस एकदम बिनचष्म्याचा पेपर वाचू लागतो. घरात कौतुक होते, "आजोबांची नजर परत आली." प्रत्यक्षात भिंगाचा मधला भाग घट्ट होऊन चष्म्याचा नंबर बदललेला असतो. हीसुद्धा मोतीबिंदूची सुरुवात असू शकते.

घरी एक साधी परीक्षा करा. एक डोळा तळहाताने झाका आणि दुसऱ्याने भिंतीवरची दिनदर्शिका वाचा. मग डोळा बदला. पुष्कळदा एक डोळा चांगला असल्याने दुसरा गेलेला कळतच नाही.

डॉक्टर काय तपासतात?

प्रथम ६ मीटरवरून अक्षरांचा तक्ता वाचायला लावतात. ६/६ म्हणजे नजर चांगली. ६/६० म्हणजे निरोगी माणूस जे ६० मीटरवरून वाचतो, ते तुम्हाला ६ मीटरवर यावे लागते. त्यानंतर स्लिट लॅम्प नावाच्या यंत्रापुढे हनुवटी टेकवून बसवतात. त्यातून उजेडाची बारीक फट डोळ्यात सोडली की भिंग कुठे आणि किती गढूळ झाले ते मोठे होऊन दिसते. थेंब घालून बाहुली मोठी करतात आणि मागचा पडदा पाहतात. डोळ्याचा दाबही मोजतात. थेंब घातल्यावर काही तास अंधूक दिसते, म्हणून सोबत माणूस न्यावा आणि गाडी स्वतः चालवू नये.

या तपासण्या मोतीबिंदूपुरत्या नाहीत. अंधूक दिसण्याचे कारण काचबिंदू किंवा मधुमेहाने खराब झालेला पडदाही असू शकतो. मोतीबिंदूने गेलेली नजर ऑपरेशनने बहुधा परत मिळते, काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. 'मोतीबिंदूच असेल' असे घरच्या घरी ठरवून बसण्यात खरा धोका हा आहे. आमच्या भागातील एक सभासद असेच तीन हंगाम थांबले. तपासणीला गेले तेव्हा एका डोळ्यात मोतीबिंदूच्या मागे काचबिंदू निघाला. दुसरा डोळा ऑपरेशनने चांगला झाला, तो डोळा मात्र गेला तो गेलाच.

ऑपरेशन ठरले की बसवायच्या भिंगाचा नंबर काढण्यासाठी डोळ्याची लांबी आणि पुढच्या काचेची गोलाई मोजतात. रक्तातील साखर व रक्तदाबही पाहतात.

'पिकू द्या' हे आले कुठून?

आपले वाडवडील चुकीचे बोलत नव्हते. त्यांच्या काळी मोठी चीर देऊन भिंग काढून टाकत आणि त्याजागी काही बसवत नसत. रोग्याला आयुष्यभर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लावावा लागे. त्यामुळे नजर पुरती जाईपर्यंत थांबणे शहाणपणाचे होते.

पुढे काळ बदलला. दुसऱ्या महायुद्धात काही वैमानिकांच्या डोळ्यात विमानाच्या छताच्या प्लॅस्टिकचे तुकडे घुसले होते. डोळ्याने ते तुकडे सहन केले, हे लंडनचे डॉ. हॅरॉल्ड रिडले यांनी हेरले आणि १९४९ साली पहिले कृत्रिम भिंग बसवले. अमेरिकेत डॉ. चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये ध्वनिलहरींनी भिंग फोडून शोषून घेण्याची फेको पद्धत आणली. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने १९९२ मध्ये ऑरोलॅब सुरू केली, तेव्हापासून भिंगे आपल्याकडेच स्वस्तात तयार होऊ लागली.

आज फेकोमध्ये चीर साधारण २ ते ३ मिलिमीटरची असते आणि घडी करून भिंग आत सोडतात. दुसऱ्या पद्धतीत ६ ते ७ मिलिमीटरची चीर घेतात. तिलाही सहसा टाका लागत नाही आणि पिकलेल्या, टणक मोतीबिंदूला ती उपयोगी पडते. दोन्हीत भूल डोळ्यापुरतीच, आणि बहुतेक जण त्याच दिवशी घरी येतात. बसवलेले भिंग जन्मभर राहते.

आता उलटा हिशेब असा. मोतीबिंदू जितका पिकेल तितका टणक होतो आणि काढताना डोळ्याला त्रास जास्त. अति पिकला तर भिंग फुगते किंवा आतल्या आत पाझरते. मग डोळ्याचा दाब चढतो, डोळा लाल होतो, डोके ठणकते, उलट्या होतात आणि नजर कायमची जाऊ शकते.

तर मग केव्हा करावे? मोतीबिंदू दिसला की लगेच चाकू, असेही नाही. रोजच्या कामात अडचण येऊ लागली, म्हणजे पावती वाचता येईना, पायरी दिसेना, रात्री रस्ता ओलांडता येईना, की ती वेळ आली. ऋतू पाहण्याची गरज नाही, ऑपरेशन बारमाही होते. हंगाम संपल्यावर करू म्हणत वर्षे घालवू नका.

जाण्यापूर्वी आणि नंतर

मधुमेह आटोक्यात ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास डॉक्टरांना सांगा, मनाने बंद करू नका. लघवीच्या त्रासासाठी, प्रोस्टेटची गोळी घेत असाल तर तेही आवर्जून सांगा, कारण तिच्यामुळे ऑपरेशनच्या वेळी बाहुली ढिली पडते.

नंतर थेंब दिलेल्या वेळेलाच घाला, आधी हात साबणाने धुवा. डोळा चोळू नका. डॉक्टर सांगतील तितके दिवस डोळ्यात पाणी जाऊ देऊ नका आणि ओझे उचलू नका. पाचटाच्या धुळीत, गोठ्यात जाऊ नका. दुखणे वाढले, लाली वाढली किंवा नजर कमी झाली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा अंधूक वाटल्यास घाबरू नका. भिंगामागची पिशवी गढूळ होते, ती लेझरने काही मिनिटांत मोकळी करता येते.

देशात २०१५ ते २०१९ मध्ये झालेल्या सरकारी पाहणीत, पन्नाशीपुढील अंधांपैकी ६६.२ टक्के जण मोतीबिंदूमुळे अंध आढळले. म्हणजे तीन आंधळ्यांतले दोन उपचार होऊ शकणारे! सरकारी रुग्णालयांत आणि राष्ट्रीय कार्यक्रमातील धर्मादाय रुग्णालयांत हे ऑपरेशन मोफत होते.

शेवटी एक विनंती. पुरुष मंडळी निदान तपासणीला तरी जातात. घरातली आई, आजी मात्र "मला आता काय बघायचंय" म्हणून मागे राहते. चुलीजवळ, विहिरीजवळ, गोठ्यात तिचाच वावर जास्त असतो. पुढच्या वेळी तालुक्याला जाल तेव्हा तिला गाडीत बसवा आणि तिचे डोळे दाखवून आणा.

— ऊस विकास अधिकारी